सुगम्य तंत्रज्ञान : दैनंदिन व्यवहारातील वाढती गरज

'उद्या सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळेत पुढील वाड्यांवरील वीजपुरवठा बंद राहील' अशा आशयाची सूचना हल्ली बहुतेकांना मोबाईलवरच मिळते आणि तीही चित्राच्या रूपात. कार्यालयातून निघालेल्या कागदाचे कोणीतरी छायाचित्र काढतो, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि डोळस माणसे ते वाचून पाण्याची टाकी भरायला लागतात. त्याच गटात एखादी दृष्टिहीन व्यक्ती असेल, तर तिच्या फोनमधील वाचक आवाज त्या सूचनेच्या जागी एवढेच सांगतो की येथे एक छायाचित्र आहे. कसले, कशाविषयी, हे त्याला ठाऊक नसते. सूचना पोहोचली, पण वाचता आली नाही. सुगम्यतेचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

सुगम्य तंत्रज्ञान म्हटले की पुष्कळांच्या नजरेसमोर चाकाची खुर्ची, पांढरी काठी किंवा श्रवणयंत्र उभे राहते. ती सहायक साधने होत आणि ती व्यक्तीच्या मालकीची असतात. सुगम्यता हा गुण मात्र व्यक्तीचा नसून वस्तूचा, यंत्राचा, संकेतस्थळाचा, सेवेचा असतो. उत्तम चाकाची खुर्ची असूनही कार्यालयाला पायऱ्याच असतील, तर खुर्चीचा उपयोग उंबरठ्यापर्यंतच. तसेच संगणकाचे. वाचक आज्ञावली कितीही चांगली असली, तरी समोरचा मजकूर तिला वाचता येईल अशा रीतीने रचलेला नसेल तर ती मुकी होते.

गोव्यात हा विषय दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. गोव्यातील ही संख्या सुमारे ३३ हजार होती. ही गणना झाली तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, आज एकवीस आहेत. त्यामुळे हे आकडे खालच्या बाजूचेच समजावेत. दुसरा आकडा अधिक बोलका आहे. त्याच जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के होते. मोतीबिंदू, थरथरणारा हात, मंदावलेली श्रवणशक्ती या गोष्टींची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रात नसते. पण बँकेच्या अ‍ॅपवरील करड्या पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे वाचताना त्या भोवतातच.

बोलणारा पडदा

दृष्टिहीन माणूस संगणक किंवा फोन कसा वापरतो, याविषयी डोळसांत बरेच गैरसमज आहेत. बोलून आज्ञा देणे हा त्याचा अगदी लहान भाग झाला. मुख्य साधन असते 'स्क्रीन रीडर', म्हणजे पडद्यावरील मजकूर आणि बटणे क्रमाक्रमाने वाचून दाखवणारी आज्ञावली. संगणकावर माऊसऐवजी कळफलक वापरला जातो : एका कळीने पुढचे शीर्षक, दुसरीने पुढची लिंक, तिसरीने पुढचा रकाना. सरावलेला माणूस हा आवाज इतक्या वेगाने ऐकतो की शेजाऱ्याला त्यातले अक्षरही कळत नाही.

अमेरिकेत टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये 'जॉज' ही वाचक आज्ञावली आणली. ती समर्थ होती आणि आजही आहे, पण तिच्या परवान्याची किंमत आपल्याकडील सर्वसाधारण कुटुंबाला परवडणारी कधीच नव्हती. मोठा फरक पडला तो ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणामुळे. २००६ मध्ये त्यांनी 'एनव्हीडीए' ही आज्ञावली लिहायला घेतली. पुढे जेम्स तेह हे दुसरे दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. ती विनामूल्य आहे, तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे, आणि 'ईस्पीक' या मुक्त वाचायंत्रणेच्या साह्याने ती मराठीही वाचते. उच्चार यांत्रिक वाटतात, जोडाक्षरांवर आवाज कधी अडखळतो. तरी ज्याला आजवर वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत होते, त्याला उच्चारांतील यंत्रपणाची फारशी फिकीर नसते.

फोनच्या बाबतीत २००९ हे वर्ष महत्त्वाचे. सपाट काचेचा पडदा आला तेव्हा दृष्टिहीनांना वाटले, आता फोन हातून गेला. जुन्या फोनवर निदान पाचच्या कळीवर उंचवटा तरी असे. त्या वर्षी आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आले. आज या दोन्हींची रीत साधारण सारखीच आहे. बोट पडद्यावर फिरवावे, बोटाखाली जे येईल त्याचे नाव फोन सांगतो. हवे ते सापडले की दोनदा टकटक करावे. मात्र हे नाव कोणीतरी आधी देऊन ठेवलेले असावे लागते. अ‍ॅप तयार करणाऱ्याने बटणावर नुसते चित्र ठेवले आणि त्याचे नाव लिहिलेच नाही, तर कानावर 'बटण, बटण, बटण' एवढाच जप पडतो. त्यांपैकी पैसे पाठवण्याचे कोणते आणि व्यवहार रद्द करण्याचे कोणते, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. नाव देण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून काही सेकंदांत होते. ते राहून जाते, कारण त्याच्या चाचणीच्या यादीत दृष्टिहीन ग्राहक हा ग्राहकच नसतो.

मराठीची स्वतःची अडचण

इंग्रजीला न भेडसावणारी एक अडचण देवनागरीपुढे अनेक वर्षे उभी आहे, आणि तिचा दोष परदेशी कंपन्यांवर ढकलता येणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे छपाईसाठी जे टंक वापरात आले, त्यांत संगणकाच्या लेखी देवनागरी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे आकार बसवले होते. डोळ्यांना मराठी दिसायचे, संगणकाला मात्र ती रोमन अक्षरांची रास वाटायची. ग्वाल्हेर-इंदूरकडे टंकलेखनाच्या परीक्षांमुळे घराघरांत पोहोचलेला 'कृतिदेव' घ्या. त्यात 'भारत' हा शब्द टंकायला एच, के, के, जे, आर या पाच कळी दाबाव्या लागतात. कागदावर 'भारत' उमटतो. वाचक आज्ञावली मात्र इमानाने 'एच के के जे आर' म्हणते. संपूर्ण शासकीय परिपत्रक असे ऐकून पाहावे, म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने इन्स्क्रिप्ट कळफलकही प्रमाणित केला. तो दृष्टिहीनांना विशेष सोयीचा, कारण स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे अशी त्याची रचना तर्काला धरून असल्याने बोटांच्या स्मरणशक्तीवर टंकन जमते. एवढे असूनही जुन्या टंकांतील मजकूर छापखान्यांतून, पंचायतींतून, सहकारी संस्थांतून अद्याप पुरता हद्दपार झालेला नाही. त्याचा तोटा डोळसांनाही होतो : असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, ई-मेलमध्ये उघडत नाही, दुसऱ्या संगणकावर गेला की विस्कटतो.

दुसरा अडसर आपल्या कार्यालयीन सवयीचा. परिपत्रक संगणकावर टंकायचे, छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि मग तोच कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढवायचा. जो मजकूर मुळात वाचनीय होता, तो या प्रवासात चित्र होऊन बसतो. अक्षर-ओळख करणाऱ्या आज्ञावल्या आता मराठीही बऱ्यापैकी ओळखतात, पण शिक्क्याखाली गेलेला शब्द, रफार, तक्त्यातील रकाने यांपाशी त्या हमखास चुकतात. आणि नोकरभरतीच्या जाहिरातीत नेमका तक्ताच महत्त्वाचा असतो. सही हवी तर डिजिटल सही आहे. ती शक्य नसेल, तर सहीच्या प्रतीसोबत मूळ मजकुराची प्रतही ठेवता येते. त्यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही. ऑनलाइन दैनिकेही या दोषातून सुटलेली नाहीत. बातमीतील छायाचित्राला वर्णन न देणे, मृत्युवार्ता आणि दिनविशेष चित्रांच्या रूपात टाकणे हे मराठी संकेतस्थळांवर सर्रास चालते, आणि ही टीका प्रस्तुत लेखकाने स्वतःकडे बोट दाखवूनच केली आहे.

पैशाचा व्यवहार

पैसा स्वतःच्या हातांनी मोजता येणे, ही स्वावलंबनाची पहिली खूण. रिझर्व्ह बँकेने शंभराच्या नोटेवर उंचावलेला त्रिकोण आणि कडेला चार रेघा, तर पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा ठेवल्या आहेत. नोट कोरी असताना त्या बोटांना लागतात. मासळी बाजारातून चार वेळा फिरून आलेल्या ओलसर नोटेवर त्या शोधणे कठीण. १ जानेवारी २०२० रोजी बँकेने 'मनी' हे अ‍ॅप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिचे मूल्य बोलून सांगते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. एटीएमबाबतही १ जुलै २०१४ पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे यंत्र बोलणारे आणि ब्रेल कळींचे असावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. यंत्रे आली, परंतु कानात घालायच्या तारेचे छिद्र बंद पडलेले, आवाजाची सोय चालू कशी करायची हे पहारेकऱ्यालाच ठाऊक नाही, असा अनुभव सांगणारे भेटतात. यंत्र बसवणे आणि यंत्र चालते ठेवणे यांतील अंतर आपल्याला काही नवीन नाही.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दुकानांतील कार्डाची जुनी यंत्रे उंच कळींची होती. पाचवरचा ठिपका चाचपून दृष्टिहीन ग्राहक आपला गुप्त क्रमांक स्वतः दाबत असे. आता त्यांच्या जागी सपाट काचेची यंत्रे येत आहेत. काचेवर आकड्यांची जागा बोटांना कळत नाही, म्हणून तो क्रमांक दुकानदाराला मोठ्याने सांगण्याची पाळी येते. पुढे जाणाऱ्या तंत्राने मागे ढकलण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा क्वचितच सापडेल. घरातही तेच घडते आहे. धुलाईयंत्र, मायक्रोवेव्ह, उद्वाहन यांच्या गुंड्या आणि उंचवट्याची बटणे जाऊन गुळगुळीत पट्ट्या आल्या. बटणाच्या जागी टिकली चिकटवावी किंवा नखांच्या रंगाचा थेंब वाळवून उंचवटा करावा, हा घरगुती उपाय उत्तम चालतो. पण पन्नास हजारांच्या यंत्राला दोन रुपयांच्या टिकलीचा आधार लागावा, हे यंत्र बनवणाऱ्याला भूषणावह नाही.

बँक खाते किंवा सिमकार्डासाठी आता 'ई-केवायसी' होते. कॅमेऱ्यासमोर चेहरा चौकटीत धरा आणि डोळे मिचकावा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होते. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, पापण्या मिटत नाहीत, त्यांनी काय करावे? हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आम्लहल्ल्यातून बचावलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता यांच्या याचिकांवर न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवन व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात स्पष्ट झाले आणि वीस निर्देश दिले गेले. जिवंतपणाच्या पडताळणीसाठी डोळे मिचकावण्याखेरीज अन्य पर्याय असावेत, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, संकेतस्थळे व अ‍ॅप यांची ठरावीक काळाने सुगम्यता तपासणी व्हावी, हे त्यांपैकी काही.

कायदा काय म्हणतो

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक करारास ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाविषयीचे : श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य असावा, दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सार्वत्रिक आरेखनाची असावीत. कलम ४६ अन्वये सेवा पुरवणाऱ्यांना, मग ते शासकीय असोत वा खासगी, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०१९ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

कायदा बंधनकारक भाषेत बोलत असताना नियमांनी मात्र मार्गदर्शक सूचनांचा सूर लावला होता. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्यातील निकालात दाखवून दिली, नियम १५ चे पहिले उपकलम कायद्याशी विसंगत ठरवले आणि किमान सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितले. याचिका २००५ मधील होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मानकांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. संकेतस्थळांसाठी जगभर मान्य असलेली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांतील अटी रोकड्या आहेत. सामान्य आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा तेजस्वितेतील फरक किमान ४.५ ला १ असावा, प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी वर्णन असावे, सर्व कामे नुसत्या कळफलकाने करता यावीत, चित्रफितीला उपशीर्षके असावीत. भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १७८०२' हे मानकही आहे, आणि २०२३ मध्ये ते नियमांत समाविष्ट झाले.

नोकरीच्या ठिकाणी

शासकीय आस्थापनांत चार टक्के पदे दिव्यांगांसाठी राखीव आहेत. परीक्षा उत्तीर्ण होऊन उमेदवार रुजू होतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे येतो तो वाचक आज्ञावली नसलेला संगणक. ती बसवायला परवानगी लागते. परवानगीचा कागद मुख्यालयात जातो. तेथील तंत्रविभागाला सुरक्षिततेची शंका येते. आज्ञावली बसली तरी कार्यालयाची अंतर्गत प्रणाली तिला प्रतिसाद देईलच असे नाही. दरम्यान त्याला दूरध्वनीपाशी बसवले जाते. दूरध्वनी, खुर्च्या विणणे आणि संगीत या तीन कामांपलीकडे दृष्टिहीनांना काही जमत नाही, असा पूर्वीच्या पिढीचा समज होता. संगणक आल्यावर तो मोडायला हवा होता, पण असुगम्य संगणकाने त्याला नवे आयुष्य दिले. पगार मिळतो, काम मिळत नाही, आणि पदोन्नतीच्या वेळी कामाचाच हिशेब विचारला जातो.

कायद्यात यासाठी 'वाजवी सोय' अशी संकल्पना आहे. नियोक्त्यावर बेसुमार बोजा न पडता करता येण्याजोगे आवश्यक ते बदल, असा तिचा आशय. एनव्हीडीए विनामूल्य आहे, हे वर आलेच आहे. कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी बैठकीत बोलणे जसजसे चालेल तसतसे अक्षरांत उतरवणारी अ‍ॅप फोनवर मिळतात आणि मराठीही टिपतात. गोंगाटात किंवा चौघे एकदम बोलू लागल्यास चुकतात, तेव्हा एका वेळी एकाने बोलावे, एवढी शिस्त बैठकीला पुरते. महत्त्वाच्या प्रसंगी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला पर्याय नाही, आणि असे प्रशिक्षित दुभाषे देशात फार थोडे आहेत. त्याच कायद्याच्या कलम २० मधील आणखी एक तरतूद प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याने माहीत करून घ्यावी : सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्या कारणास्तव कोणाला सेवेतून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. मधुमेहाने दृष्टी गेलेला चाळिशीतला लेखनिक आपली नोकरी संपली असे समजून स्वतःच अर्ज लिहायला बसतो. त्याला आधी हे कलम वाचून दाखवायला हवे.

हे सारे मूठभरांसाठी करायचे काय, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याला इतिहासाकडे एक मजेशीर उत्तर आहे. इटलीत पेलेग्रिनो तुर्री यांनी कॅरोलिना फँतोनी या दृष्टिहीन उमरावपत्नीला स्वतः पत्रे लिहिता यावीत म्हणून एक टंकयंत्र केले. यंत्र हरवले, पण १८०८ पासूनची तिची पत्रे आजही जपलेली आहेत. रे कर्झवाईल यांनी १९७६ मध्ये दृष्टिहीनांसाठी छापील पुस्तक वाचणारे यंत्र आणले. त्यासाठी घडवलेला सपाट स्कॅनर आणि अक्षर-ओळख आज प्रत्येक कचेरीत आहे. रिक्षात बसून आवाज बंद ठेवून चित्रफीत पाहणारा तरुण जी उपशीर्षके वाचतो, ती मुळात कर्णबधिरांसाठी आली.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला 'पर्पल फेस्ट' भरला, तेव्हापासून दिव्यांगत्वाविषयी गोव्यात निदान संकोच न बाळगता बोलले जाऊ लागले आहे. उत्सवापुरते उतरंडीचे मार्ग, दुभाषे आणि ब्रेल फलक उभे राहतात, हे प्रत्येकाने पाहिले. ते वर्षभर पंचायतीच्या दारापाशी आणि तिच्या संकेतस्थळावर का नसावेत, असे आता लोक विचारू लागले आहेत. तपासणी घरबसल्याही करता येते. फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या सदरात टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू करावे (ते बंद कसे करायचे हे आधी वाचून ठेवावे, नाहीतर पंचाईत होते), डोळे मिटावेत आणि आपल्याच वीजबिलाचा भरणा करून पाहावा. जेथे अडखळायला होईल, तेथील पडद्याचे नाव आणि तारीख टिपून ठेवावी. संबंधित सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि दाद न मिळाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करताना नेमके हेच तपशील लागतात.